व्यवसाय : शेती

८ जाने., गुरु.
काल ह्यांची तेरवी झाली. पाहुणे गेले. ह्यांचा ताप आणि औषधांच्या वेळा लिहायला ही वही घेतली होती. निम्मी कोरी आहे. लिहिते.
मिलचे सुपरवायझर खापरे जेवून गेले. निघताना म्हणाले, "वहिनी, एका कागदावर सही लागेल. घाई नाही." घाई नसणारा माणूस कागद खिशात घालून तेरवीला येतो.

११ जाने., रवि.
खापरेंनी तो कागद महेशच्या हाती पाठवला. महेश माझा दीर, ह्यांच्या पाठचा. दोघेही त्याच मिलमध्ये, पांढरा दगड दळून पावडर करायची. हे अकरा वर्षं, महेश नऊ.
कागदात लिहिलंय : मृत्यू टीबीने झाला, मिलच्या कामाशी संबंध नाही.
सासूबाई म्हणाल्या, "कर न वं सही, शालू. गेलेला तं वापस येत नाही. महेशची नोकरी हाय तिथंच."
मी भांडी घासत राहिले. नऊ महिने टीबीच्या गोळ्या दिल्या मी ह्यांना, एक दिवस न चुकवता. थुंकी तीनदा तपासली. तिन्ही वेळा काही निघालं नाही. तरी गोळ्या.

१३ जाने., मंगळ.
ह्यांचे कागद घ्यायला सरकारी दवाखान्यात गेले. छातीच्या ओपीडीत नवीन डॉक्टरीण आहे, माझ्याहून लहान. ह्यांचा छातीचा फोटो उजेडाला धरून बराच वेळ पाहिला.
"काय काम करायचे?"
"दगड दळायच्या मिलमध्ये."
तिने केसपेपर माझ्यापुढे सरकवला. "मग इथे हे काय?"
व्यवसाय : शेती.
गावाला अडीच एकर आहे. सात वर्षं ठेक्याने दिलेली. पण कोणी विचारलं की हे शेतीच सांगायचे. मला पाहायला आले तेव्हाही तेच सांगितलं होतं. मजूर म्हणणं जिवावर यायचं. नात्यात सगळ्यांचं तसंच आहे, हातात नांगर नसला तरी आपण शेतकरी. दवाखान्याच्या खिडकीवरही तेच सांगितलं, आणि मी शेजारी उभी होते. बी.ए. झालेली. एक शब्द बोलले नाही. नवरा सांगत असताना मधे बोलायचं नाही, एवढंच डोक्यात.
डॉ. म्हणाली, शेतातल्या मातीने फुफ्फुसं अशी होत नाहीत. आजाराचं नाव चिठ्ठीवर लिहून दिलं. सिलिकोसिस. औषध विचारलं तर म्हणाली, बरं करणारं नाही. माणसाला धुळीतून लवकर बाहेर काढायचं, एवढंच हातात असतं. "त्यांच्यासोबत कोण कामाला होतं? त्यांना घेऊन या."
बसमध्ये रडले नाही. राग आला होता, आणि बरं वाटलं रागाने.

१४ जाने., बुध.
संक्रांत. आमच्याकडे काही नाही.
महेशला सांगितलं, दवाखान्यात चल. तो हसला. "काहून मागं लागून राहिल्या वहिनी? धडधाकट तं आहो मी."
दुपारी गॅसचा सिलिंडर आत घेतला त्याने. उंबऱ्याशी ठेवून खाली बसला. चप्पल नीट करतो म्हणाला. चप्पल बाहेर होती.

१७ जाने., शनि.
खापरे आले. मी सांगितलं, सही करणार नाही. आयुष्यात कोणाला एवढं सरळ नाही म्हटल्याचं आठवत नाही.
"वहिनी, दादा टीबीनं गेले, साऱ्या वस्तीले माहीत आहे."
"तुम्ही सांगितलं म्हणून माहीत आहे."
"बरं. मग महेशचं पाहा तुम्ही."

१९ जाने., सोम.
महेशला गेटवरून परत पाठवलं. सासूबाई माझ्याशी बोलत नाहीत. पानात वाढलेलं तसंच ठेवलं.
मला वाईट वाटायला हवं. पण आज संध्याकाळी महेश खोकला तेव्हा त्याच्या रुमालावर पांढरी पावडर नव्हती. तेवढं पुरे आहे मला.

२० जाने., मंगळ.
मिलमधले पाच जण दवाखान्यात येतो म्हणाले होते. एक आला. आणि महेश, तोंड फुगवून.
खिडकीवर विचारलं, व्यवसाय? महेशने माझ्याकडे पाहिलं. मी दुसरीकडे पाहिलं नाही.
"दगडाची पावडर. मिलमध्ये."
"नऊ वर्षं," मी म्हटलं. "तेही लिहा."
खिडकीतला माणूस वैतागला, पण लिहिलं. मी वाकून वाचून घेतलं.
फोटो काढले. रिपोर्ट पुढच्या मंगळवारी. तिथून कारखाना निरीक्षकांच्या ऑफिसात गेले. ह्यांच्या आजाराचा अर्ज दिला, पोच मागितली. बाबू म्हणाला, नंतर या. बाकावर बसून राहिले. पाऊण तासाने शिक्का मारून दिली.
घरी आल्यावर सासूबाईंनी विचारलं, "जेवली का?" बस, तेवढंच.

२५ जाने., रवि.
खापरे परत. तोच कागद, नवीन घडी. महेश घरी नव्हता. मी खुर्ची दिली, पाणी दिलं.
"अर्ज मागं घ्या वहिनी, नाही तं मालक…" इथे खोकला लागला. पाणी प्यायले. "मालक महेशले कुठंच…" परत खोकला. धमकी पूर्ण व्हायला तीनदा थांबावं लागलं त्यांना. मी मदत केली नाही.
मग विचारलं, "तुम्हाला किती वर्षं झाली तिथे?"
"चौदा."
"छातीचा फोटो काढला कधी?"
"मले कायले? मी तं ऑफिसात बसतो."
त्या ऑफिसची खिडकी दळणाच्या शेडमध्ये उघडते. असं हे सांगायचे. मी नुसतं त्यांच्याकडे पाहिलं. भुवया पांढऱ्या होत्या त्यांच्या, आणि वय पन्नासही नसेल.
कागद त्यांनी खिशात घातला. सही मागितली नाही. फाटकाशी जाऊन गाडी सुरू केली, परत बंद केली.
"वहिनी, ती डॉक्टरीण कोणत्या वारी बसते?"
"मंगळवारी. आठला नंबर लागतो."
"मी विचारलं म्हणून कोणाले सांगू नका."
महेशचा रिपोर्टही त्याच दिवशी आहे.