पडद्यामागचा माईक

मामा,

तुला तीर्थरूप लिहायला आज हात वळत नाही, म्हणून नुसतंच मामा.

काल स्टुडिओत काचेपलीकडून माझ्याशी बोलायचं बटण दाबून तू "वा, पोरी!" म्हणालास आणि बटण बंद करायला विसरलास. मग रेकॉर्ड कंपनीच्या मालकाला जे सांगितलंस, ते सगळं माझ्या हेडफोनमध्ये आलं. "गळा भाचीचा, चेहरा त्या दुसरीचा. भाची काय, घरचीच आहे. कुठे जातेय बोंबलत?"

घरचीच! बाबा गेले तेव्हा तू आईला म्हणालास, पोरीचं मी बघतो. चांगलंच बघितलंस रे! आई रेडिओवर त्या दुसरीच्या नावाने लागणारी माझीच गाणी ऐकते आणि मलाच म्हणते, "किती गोड गळा आहे त्या मुलीचा. शीक जरा तिच्याकडून." कुणाला सांगायचं नाही ही तुझी ताकीद, म्हणून मी मान डोलावते.

त्या मुलीचा मी आजवर रागराग केला. काल तीच जिन्यात रडताना भेटली. मालकाच्या खोलीवर तिला 'जरा हसून बोल, नखरे नकोत' असं बजावून कोण धाडतं, ते तिने सांगितलं. जनाची नाही, निदान मनाची तरी ठेवायचीस!

हे पत्र मी टाकणार नाही. वाचलंस तर सावध होशील. उद्या भरलेल्या मैदानात ती पुढे उभी असेल आणि मी पडद्यामागे, नेहमीच्या माईकसमोर. आमचं दोघींचं ठरलंय. वाद्यं वाजायला लागली की ती ओठ हलवेल, आणि मी गाणार नाही.

तुझी घरचीच,
भाची