गिटार जरा खाली

३ जानेवारी
बँड सोडला. कारण तात्त्विक आहे, वैयक्तिक नाही, हे प्रारंभीच नमूद करतो.
आमच्या बँडचा गायक कंठमणी. हे टोपणनाव मीच उपरोधाने दिलं होतं, त्याने ते पदवीसारखं मिरवलं. गेली अनेक वर्षं प्रत्येक तालमीत हा इसम मला एकच वाक्य ऐकवत आला: गिटारचा आवाज कमी कर. आजही तेच. मी शांतपणे वायर काढली, नीट गोल गुंडाळली आणि निघालो. कुणी अडवलं नाही. धक्का बसला असणार.
दारापर्यंत अँप उचलायला खांब आला. खांब म्हणजे आमचा बासवाला. चार तारा, चार सूर, आणि इतक्या वर्षांत स्टेजवर जागचा हललेला नाही. बास हे वाद्य नसून फर्निचर आहे, हे माझं मत मी त्याला यापूर्वी अनेकदा समजावलं आहे. तो हसतो. आकलनाचा प्रश्न.
संकल्प: सोलो अल्बम काढायचा. नाव 'एकटा'. तो ऐकून कंठमणीने मान खाली घालायलाच हवी. नाही घातली, तर या जन्मात पुन्हा गिटार हातात धरणार नाही. रोजनिशीत लिहिलं, म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

६ जानेवारी
अल्बम काढणाऱ्या कंपनीतल्या माणसाला भेटलो. तो म्हणाला, पाऊण तास नुसती गिटार कोण ऐकणार, गायक घ्या. मी ठाम नकार दिला. तो म्हणाला, मग कठीण आहे. मी पुन्हा ठाम विचार केला.

७ जानेवारी
बारा पाहुणे गायक घेण्याचा निर्णय. ही तडजोड नव्हे. हिऱ्याला कोंदण लागतंच; कोंदण बारा प्रकारचं असलं की हिरा बारा अंगांनी दिसतो.
बायकोने विचारलं, बारा जण आहेत तर 'एकटा' नाव कसं. सोलो या संकल्पनेचा इतिहास मी तिला सविस्तर सांगितला. ती 'बरं' म्हणाली. आमच्या घरात 'बरं' या शब्दाला संमती, शंका आणि विषयाची समाप्ती असे तीनही अर्थ आहेत.

१५ जानेवारी
स्टुडिओ ठरला. मेहुण्याचा आहे. ड्रायक्लीनरच्या दुकानावरची खोली, भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवलेले. खाली कपडे पिळायचं मशीन सुरू झालं की वरची जमीन थरथरते, तेव्हा थांबायचं. मेहुणा सज्जन आहे. शिक्षण मात्र बेताचं. 'भाऊजी, बास कोण वाजवणार?' हा त्याचा पहिला प्रश्न. मी म्हणालो, कोणी नाही. ड्रम मशीनवर, गिटार माझी, वर गाणं. फर्निचर नको.
तो डोकं खाजवत म्हणाला, मग खालची बाजू रिकामी वाटेल. मी म्हणालो, खालच्या बाजूला ड्रायक्लीनर आहे. माझा हा विनोद उत्तम होता. तो हसला नाही.

२ फेब्रुवारी
पहिली पाहुणी: शाळेत संगीत शिकवणाऱ्या बाई. रिवाज असा ठरवला आहे, की मी आणि गायक एकाच वेळी वाजवायचं-गायचं, म्हणजे ठिणगी पडते. काचेपलीकडे मेहुणा. दोन ओळी गाऊन बाई थांबल्या आणि नम्रपणे म्हणाल्या, 'गिटार जरा खाली घ्याल का?'
आत्मपरीक्षण करणारी बाई. वरचे सूर आपल्याला झेपत नाहीत, हे चारचौघांत कबूल करायला मोठं मन लागतं. मी विनातक्रार सहाही तारा एकेका पडद्याने, म्हणजे अर्ध्या सुराने, उतरवल्या. पुन्हा सुरुवात केली. बाई खूश. म्हणाल्या, आता कसं, छान. मेहुण्याने काचेमागून अंगठा वर केला.

९ फेब्रुवारी
दुसरे पाहुणे: माझे दातांचे डॉक्टर. दाढ काढताना गुणगुणतात, त्या गुणगुणण्यात मला शक्यता दिसल्या होत्या. गेल्या खेपेच्या बाईंचा अनुभव लक्षात घेऊन गिटार उतरवलेलीच ठेवली. तरीही हा मनुष्य पहिल्याच ओळीनंतर म्हणतो, गिटार खाली घ्या थोडी. इतका आखूड गळा! आणखी एक पडदा उतरवला. डॉक्टर म्हणाले, आता दुखत नाही. व्यवसायाची सवय.
मेहुणा नंतर काहीतरी सांगू पाहत होता. भाऊजी, ते जे खाली म्हणतात ना, ते... मी त्याला तिथेच थांबवलं आणि एकदाची शिकवणी दिली. आवाज असतो मोठा किंवा लहान. तो 'कमी' करतात. सूर असतो वरचा किंवा खालचा. तो 'खाली' घेतात. मराठी ही अचूक भाषा आहे. ज्याला आवाज कमी हवा, तो 'कमी' म्हणेल. कंठमणीसारखा अडाणीसुद्धा 'कमी' म्हणत असे. मेहुणा म्हणाला, हो भाऊजी. समजलं असावं.

१७ फेब्रुवारी
तिसरी पाहुणी जाहिरातींत गाते. अर्धं मिनिट झालं की आपोआप थांबते आणि प्रेमळ आवाजात शेवटचा शब्द पुन्हा म्हणते, जणू साबण विकायचा आहे. माझ्या गाण्याचा शेवटचा शब्द 'राख' आहे. तिला अतिशय गोड 'राख' म्हणू नको असं तीनदा सांगितलं.
तिनेही तेच मागितलं. खाली. उतरवली.
निष्कर्ष: या पिढीत वरचा सूर उरलेला नाही. यावर लेख लिहायला हवा.

१ मार्च
पाच गाणी झाली. गिटार इतकी उतरली आहे, की तारा कपडे वाळत घालायच्या दोरीसारख्या झोळ देऊ लागल्या. तार बोटाने ढकलली तर डुलते, वाजत नाही. सामान्य माणूस हार मानेल. मी बाजारातल्या सर्वांत जाड तारा आणून चढवल्या. दुकानदाराने विचारलं, बासला टाकायच्या का. मी त्याच्याकडे पाहिलं. त्याने पुढे काही विचारलं नाही.

१२ मार्च
आजची पाहुणी 'शिट्टी'. समूहगानात सगळ्यांत वर गाते, म्हणून मंडळींनी ठेवलेलं नाव. मनात म्हटलं, हिच्यापाशी तरी मला उतरावं लागणार नाही. तिने पहिल्या कडव्याला हेडफोनवर हात ठेवला आणि म्हणाली, गिटार खाली, प्लीज. शिट्टीसुद्धा!
उतरवली. त्या सुरात गाताना तिचा आवाज असा निघाला, की तीच दचकली. बाहेर येऊन बायकोला म्हणाली, मला आमच्या आजोबांचा भास झाला. बायको चहा घेऊन आली होती. दोघी जिन्यात बराच वेळ हसत होत्या. कलेचा आनंद असा संसर्गजन्य असतो.

२० मार्च
अकरा झाले. आता एकच गाणं शिल्लक: शीर्षकगीत, 'एकटा'. त्याला कोण?
मोठं मन करून कंठमणीलाच बोलवायचं ठरवलं. अल्बम बाहेर आल्यावर मान खाली घालणं वेगळं. माझ्यासमोर, काचेच्या आत, हेडफोन लावून घालणं वेगळं. दुसरा कोणी मिळत नव्हता, हा मुद्दा गौण.
फोनवर तो म्हणाला, येतो की. मग विचारलं, तू बरा आहेस ना. विजेत्याने असे प्रश्न ऐकून घ्यायचे असतात.

२६ मार्च, दुपार
तो आला. सोबत खांबही, सहज म्हणून. खांब कोपऱ्यात उभा राहिला. आणखी काय करणार.
मी वाजवायला सुरुवात केली. दोन महिन्यांची साधना, जाड तारा, भूगर्भातून यावा तसा नाद. कंठमणी गायला लागला आणि दोन ओळींत थांबला. मी सज्ज होतो. आता म्हणणार: कमी कर. किंवा बाकीच्यांसारखं: खाली.
तो म्हणाला, 'अरे, गिटार वर घे ना. मला तू ऐकूच येत नाहीयेस.'
वर! अकरा जणांत एकाचाही गळा वर पोहोचला नाही आणि हा वर मागतो. मनातल्या मनात मी त्याला प्रथमच गायक मानलं. म्हणालो, घेतो. खुंट्या पिळायला लागलो. एक पडदा. दोन. खांब कोपऱ्यातून म्हणाला, सांभाळून हां. चार सुरांच्या माणसाने मला सल्ला द्यावा! पाचव्या पडद्याला जाड तार तुटली, माझ्या कानाजवळून गेली आणि अंड्यांच्या ट्रेमध्ये अडकली.
खाली मशीन कपडे पिळत होतं.
कंठमणी म्हणाला, अरे बाबा, आवाज वर, आवाज. सूर कशाला?

२६ मार्च, संध्याकाळ
मेहुण्याशी बोलणं झालं. सगळ्यांना आवाजच कमी हवा होता. अकराच्या अकरा जणांना. मी खुंट्या पिळत असताना तो दर वेळी काचेमागून गिटारचा आवाज उतरवत होता. त्यामुळेच ते खूश होत. आज तो तसाच उतरलेला राहिला होता. मी विचारलं, मला सांगितलं का नाहीस. तो म्हणाला, 'सांगत होतो भाऊजी. तुम्ही व्याकरण काढलंत.'
बायकोही होती. ती 'बरं' म्हणाली नाही. तिने माझ्या कानाला बर्फ लावला आणि कान शाबूत आहे एवढंच म्हणाली.
माझी भूमिका कायम आहे. चूक अकरा जणांची आहे. आवाजाला 'खाली' म्हणणं अक्षम्य. बहुमताने शब्दाचा अर्थ बदलत नाही.

२ एप्रिल
तार बदलून शीर्षकगीत पूर्ण केलं. मेहुण्याने विचारलं, सगळीच गाणी नव्याने वाजवायची का. अकराही पाहुण्यांना परत बोलवून चूक त्यांच्या पदरात घालणं हे यजमानाला शोभत नाही. नाही म्हणालो. शिवाय मुळात गिटार उत्तम वाजली आहे. चोखंदळ कानाला ऐकू येईल.

१० एप्रिल
कंपनीतल्या माणसाने अल्बम ऐकला. समोर बसून, डोळे मिटून, सगळा. मी त्याचा चेहरा वाचत होतो. पायाने ताल धरला होता. शेवटी डोळे उघडले आणि म्हणाला, बास काय वाजवलाय हो. कमाल. कोण आहे हा?
मी नजर जमिनीकडे वळवली. विनय असावा, असा त्याचा समज झाला असेल.
मग त्याने विचारलं, 'आणि गिटार नंतर टाकणार आहात का?'

२८ एप्रिल
अल्बम बाहेर आला. मुखपृष्ठावर बारा नावं ठळक, त्याखाली 'एकटा'. माझं नाव मागच्या बाजूला. बास: आणि पुढे मी. दुरुस्तीसाठी फोन केला. छापून झालंय म्हणाले.
कंठमणीचाही फोन आला. मी थेट विचारलं, ऐकताना मान खाली घातलीस का. तो गोंधळला. म्हणाला, मान? डोलावली, यार. सगळा वेळ डोलावली. गाण्याला जमीन आहे तुझ्यामुळे.
डोलावणं म्हणजे खाली घालणं नव्हे. मान खाली जाते हे खरं, पण लगेच वर येते. शब्दाला जागलं पाहिजे. गिटार पेटीत ठेवली, पेटी पलंगाखाली. बायको दारात उभी राहून बघत होती. मग आत आली आणि आपल्या बाजूच्या चपला सरकवून पेटीला जागा करून दिली. आज जेवलो नाही. भूक नव्हती, इतकंच.

११ मे
कंठमणी आणि खांब घरी आले. खांबाच्या बायकोची बदली झाली आहे, तो शहर सोडतोय. अखेर खांब हलला. बँडला बासवाला हवा. कंठमणी म्हणाला, तुझ्याशिवाय कोण. खांबाने आपला बास सोबतच आणला होता. तो त्याने भिंतीला टेकवला आणि कसा सांभाळायचा, ते काही सांगितलं नाही. म्हणाला, तुला येतंच की.
मी म्हणालो, माझी प्रतिज्ञा आहे, गिटार हातात धरणार नाही. बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, बास म्हणजे गिटार नाहीच, फर्निचर आहे, असं तुम्हीच सांगत होतात ना.
मुद्दा तर्कशुद्ध आहे. स्त्रीने मांडला म्हणून नाकारण्याचं कारण नाही.

१९ मे
पहिली तालीम. तळघरातली तीच खोली, तेच अँप. माझी जागा मागे, उजवीकडे. खांब जिथे उभा राहायचा, तिथे जमिनीला खरोखर दोन पावलांचे डाग आहेत. माझी पावलं त्यात नेमकी बसली. तिथून सगळं फार स्पष्ट ऐकू येतं. हे मला कोणी सांगितलं नव्हतं.
गिटारला नवा माणूस घेतला आहे. कॉलेजात भाषाशास्त्र शिकवतो. हात बरा, पण आवाज असह्य. पूर्ण गाणंभर मी ऐकूच येत नव्हतो. दोन गाणी सहन केलं. मग शक्य तितक्या सौम्यपणे म्हणालो, गिटार जरा खाली घे.
तो 'अवश्य' म्हणाला आणि खुंट्या पिळायला लागला.
कंठमणीने माझ्याकडे बघितलं. मी त्या माणसाला थांबवलं नाही. भाषेची जाण असलेली माणसं हल्ली फार कमी भेटतात.