आखनच्या खाणीत घातलेलं गाऱ्हाणं

४ मे
लता, सख्ख्या बहिणीला लिहायला इतका उशीर केला, रागावू नकोस. माझं अक्षर तुला माहीतच आहे. आता रोज थोडं लिहीन, आपला राजस फोटो काढून तुला पाठवेल. जर्मनीतलं हे आखनचं घर उबदार आहे. सूनबाई उर्जा मऊ भात करते. नातीला, इराला, मराठी सगळं समजतं, पण उत्तर जर्मनमधून. मला ‘ओपा’ म्हणते, म्हणजे आजोबा.

७ मे
राजसने कामाची जागा दाखवली. कोळसा काढून सोडलेली खाण, भलीमोठी दरी, गवताचं पातं नाही, नुसतं वाळवंट. जमिनीच्या पोटातल्या उष्णतेवर शहरातली घरं तापवता येतील का, ते तो तपासतो. खोल भोक पाडलंय, पण पुरेशी उष्णता लागत नाही. न लागली तर नोकरी जाईल, मग व्हिसाही. मला घोर लागलाय. नारळ फोडलात का, विचारलं. म्हणाला, "बाबा, इथे नारळ नाही, परवानगी लागते."

९ मे
खाणीवरचे सगळे जेवायला गेले तेव्हा मीच भोकापाशी नारळ फोडला. आपल्याकडे विहीर खणताना घालतात तसं गाऱ्हाणं घातलं. घरातल्या एकेकाचं नाव घेऊन, यांना पदरात घे म्हटलं. ‘व्हय म्हाराजा’ म्हणायला सोबत कोणी नव्हतं. तरी भोकात घातलेल्या पाइपातून कोणीतरी म्हणालं. राजस म्हणतो, तुमचाच आवाज घुमला असेल. पण ते मी म्हटलंच नव्हतं.

१२ मे
उष्णता लागली, हवी त्याहून जास्त. राजस म्हणाला, "गेनाऊ, अगदी बरोबर, बाबा, तुमचा नारळ पावला." मग त्याने विचारलं, दुपारी तुम्ही मला पाइपातून हाका का मारत होतात? मी तर घरीच होतो.

१५ मे
राजस कामावरून घरी आला नाही. पाइपाजवळ त्याचे बूट सापडले. भोक वीतभर रुंद, त्यात माणूस जाणारच नाही, असं पोलीस सांगतात.

१७ मे
उर्जाने पाइपाला कान लावला. आत राजस रडतोय म्हणाली. मी तिला मागे ओढत होतो. "अहो बाबा, सोडा मला, ते जिवंत आहेत!"
वीतभर भोक, लता. हाडं मोडत होती — किती वेळ — माझ्या हातात तिची बांगडी राहिली.

१८ मे
राजस, मग उर्जा. ज्या क्रमाने मी नावं घेतली, त्याच क्रमाने. पुढचं इराचं.
दार लावून बसलोय. बेसिनमधून माझाच आवाज, लाडाने — ये बाळा. मी तिचे कान दाबले. तिने हात झटकले, आणि पहिल्यांदाच मराठीत बोलली. "आतले आजोबा जास्त चांगले आहेत."

१९ मे
इरा —
न्हाणीघरात वाफ. फ्रॉक नुसता —

मला ने म्हणून विनवलं. नेत नाही. गाऱ्हाणं घालणारा स्वतःचं नाव घेत नाही ना.

लता, घरातली नावं झाल्यावर मी तुझंही घेतलं होतं — तिकडे एकटी असतेस म्हणून. विहिरीकडे जाऊ नकोस. शेजारणीच्या फोनवरून सकाळपासून लावतोय, उचलत नाहीस. हे पानही तीच पाठवेल. बरी आहेस एवढं लवकर कळव —

बेसिनमधून आता तू — ‘दादा’ म्हणून —
इथून नको, लता. फोनवर कळव, लवकर, फोनवर —