सुट्टी न मागणाऱ्या मुली

८ जुलै, सकाळी
आजपासून नवा डाएट प्लॅन. हलकं शरीर, जास्त स्पीड. होस्टेलच्या माझ्या रनर मुलींना रात्री फक्त डाळीचं पाणी. डिसेंबरच्या विभागीय स्पर्धेत नवापूरकडची रविना तीन हजार मीटर मारणारच. माझी ढेरी पुढच्या सोमवारपासून.

१५ जुलै
सोमवार टळला. म्हसावदला लग्नाची पंगत. कोचला एनर्जी लागते.

२० सप्टेंबर
अभिमानाची गोष्ट. पूर्वी दर महिन्याला कोणी ना कोणी पोट दुखतंय म्हणून सुट्टी मागायची. आता कोणीच मागत नाही. यालाच शिस्त म्हणतात. रविनाला टाइमिंग सुधारल्याची शाबासकी दिली. गालफडं बसलीत तिची, पण चेहरा अगदी अ‍ॅथलीटचा दिसतो.

२६ नोव्हेंबर
शहाद्याहून डॉ. मयूरी आल्या. खेळाडू मुलींची तपासणी म्हणे. पुरेसं खाता का, पाळी येते का, हाडं दुखतात का. रविना घरी इकडची आदिवासी कोकणी बोलते, डॉक्टरांपुढे बुजेल, म्हणून मी शेजारी बसलो. कोकणी मला येत नाही, पण पोरींचं मन कळतं. सगळी उत्तरं मीच दिली. पाळीचं काय, तक्रारच नाही म्हणजे ठीकच असणार.

बाई थंडपणे म्हणाल्या, "सर, मी पोरीसले विचारी ऱ्हायनू, तुम्हले नही. बाहेर बसा."

मी हललो नाही. मग बाईंनी रविनाच्या नडगीवर बोट दाबलं, तशी ती दचकली. एक्स-रे होईपर्यंत पळवू नका म्हणाल्या. स्पर्धा झाल्यावर बघू, म्हटलं. यांना खेळातलं काय कळतं.

१० डिसेंबर
रविना जरा लंगडते. बाम लावला. रडली नाही. माझं ट्रेनिंग. तरी आज मला नीट जेवण गेलं नाही, अ‍ॅसिडिटी असावी.

१४ डिसेंबर
शेवटच्या फेरीत रविना पुढे होती. मी शिट्टी वाजवत होतो. अचानक काटकी मोडल्यासारखा आवाज आला आणि ती पडली. ट्रॅकवर साधा खडाही नव्हता.

१६ डिसेंबर, दवाखान्यात
डॉ. मयूरींनी बाकीच्या मुलींना एकेक करून आत घेतलं. मी बाहेर बाकावर. बाहेर येताना एकीनंही माझ्याकडे पाहिलं नाही. बाई म्हणाल्या, बहुतेकींची पाळी महिनोन्‌महिने बंद आहे. अंगाला अन्न पुरलं नाही की आधी ती थांबते, मग हाडं जातात. रविनाची गेलीच आहेत. पुढची कोण, ते रिपोर्ट आल्यावर कळेल.

दुपारी रविनाचे वडील शमुवेलभाऊ नागलीची भाकर आणि मासळीचं कालवण घेऊन आले. रविनाने ताट मांडीवर घेतलं आणि माझ्याकडे पाहत राहिली.

"सर, खाऊ?"

मला पहिल्यांदाच भीती वाटली. खा बाई, खा, म्हटलं. तिने दोन घास खाल्ले आणि ताट वडिलांकडे सरकवलं. बस झालं म्हणाली, वजन वाढेल.