सॉरीवर टाळ्या पडतात

मंगळ., ४ मार्च
आजच्या शिफ्ट मीटिंगमध्ये सगळं फिरलं.
काल वैशालीने माझ्या ब्रॅकेटला लाल टॅग लावला, म्हणजे पार्ट रिजेक्ट. इन्स्पेक्शनला असते ती. भोक तिरकं होतं, खरंच होतं. पण मी पेटलो. अख्ख्या लाइनसमोर म्हणालो, "माझ्या मागेच लागायचंय तर सरळ लाग की, टॅग कशाला?" पोरं खिदळली. दिवाळीपासून तिची बस बघून गेटवर थांबतोय कोण? मी. आणि तोंडातून हे.
पार्ट रिजेक्ट झाला की दुसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये उभं राहून "सॉरी टीम" म्हणायचं, मग टाळ्या. आमच्याकडची पद्धत. म्हटलं. पडल्या टाळ्या. वैशालीचे हात खालीच.
नंतर कूलरपाशी मला म्हणाली, "ब्रॅकेटबद्दल म्हणालास. माझ्याबद्दल?"
"सॉरी, सॉरी ना."
"राहू दे. धक्का लागला तरी लोक एवढंच म्हणतात."

बुध., ५
पोरं तिला बघून ओरडतात, "वहिनी, आम्हालाबी टॅग लावा की!" तिचा भाऊ शेजारच्या कंपनीत. त्याच्या कानावर गेलंच. घरचे म्हणतायत नोकरी सोड.
तिला मेसेजवर सॉरी. परत सॉरी. उत्तर नाही. लाज वाटते स्वतःची.

गुरु., ६. सुट्टी
मोबाइलवर सॉरीचा अर्थ शोधत बसलो. कॉलेज अर्ध्यात सोडलं आणि अभ्यास आत्ता सुचतोय. मूळ जुन्या इंग्रजीतलं. दुखणं, जखम. सॉरी म्हणजे ज्याला दुखतंय तो. आता ऐकू आलं नाही तरी सॉरी, वाट हवी तरी सॉरी, कुणाचं माणूस गेलं तरी सॉरी.
रूममेट इम्रानला वाचून दाखवलं. गॅरेजमधून आला होता, हात काळे. म्हणाला, "मग भावा, दुखतंय कुणाला? तुला का तिला?"
त्याच्यावर खेकसलो. जेवलो नाही.
पण खरंय. मेसेजमध्ये सगळं माझंच दुखणं. तिचं नाव मी खराब केलं, ते कुठंच नाही.

शुक्र., ७
सुपरवायझरला म्हटलं, मीटिंगमध्ये बोलायचंय.
"आता कोणता पार्ट घालवलास?"
"पार्ट नाही सर."
"मग बस खाली."
बसलो!! वैशाली समोरच होती. तिच्या मैत्रिणीकडून कळलं, उद्या ती कामावर येणार, पुढचं घरचे ठरवणार.

शनि., ८. सकाळ
आज विचारत बसायचं नाही. उभं राहायचं. "टॅग बरोबर होता. मागे मी लागलो होतो, ती नाही. मी खोटं बोललो." एवढंच. शेवटी सॉरी लावून बघितलं, काढलं. कुणी टाळ्या वाजवल्या तर…
इम्रान म्हणतो, "कुणावर हात टाकू नको राव."
ती ऐकून घेईल का, माहीत नाही. भाऊ काय करेल, तेही नाही.
तिची बस येत असेल. निघतो. दार ओढून घेतो.