उजेड तेवढाच

प्रिय निशा,

प्रिय लिवायची रीत हाय म्हणून लिवलं. मनात राग हाय. निम्मा तुझ्यावर, निम्मा कुणावर ते पुढं सांगतो. तुझ्या आईची शाळा चौथीपर्यंतची, अक्षराला हसू नको.

दिवाळीला तू एलईडीचे सहा बल्ब घेऊन आलीस. स्टुलावर चढून घरातले आणि मिरची कांडायच्या डंकातले सगळे पिवळे बल्ब तूच काढलेस. आता सहा महिने वापरलेत, तर खरं ते सांगतो. बिल उतरलं, त्यात खोट न्हाय. हात लावला तर भाजत न्हाईत. चटणीत देठ राहिला तर लगेच दिसतोय. पण त्या पांढऱ्या उजेडात चटणीचा रंग फिका वाटतोय, बायका कटकट करतात, मग उन्हात नेऊन दाखवावी लागती. घरात बसलं की दवाखान्यात बसल्यागत वाटतंय, ते ऱ्हाऊ दे. जुने बल्ब दोन-दोन महिन्याला उडायचे, ह्यातला अजून एक बी गेला न्हाय. तेवढ्यावर मी गावभर तुझं कौतुक केलं.

पण एक गोष्ट तुला ठाऊक न्हवती, आणि मला ठाऊक असून मी इसरलो. डंकातला तो जुना बल्ब नुसता उजेडासाठी न्हवताच. उन्हाळ्यात दुपारी व्होल्टेज पडलं की तो निखाऱ्यागत लाल व्हायचा. लाल झाला की डंक बंद करायचा, न्हाईतर मोटर जळती, हे मला सासूनं शिकवलेलं. वीस वर्षं मी मिरचीकडं कमी आणि बल्बाकडं जास्त बघत आलो. तुझा बल्ब मात्र व्होल्टेज निम्म्यावर आलं तरी तेवढाच लखलखतोय. गेल्या आठवड्यात धोंडुबाईची दहा किलो मिरची कांडत हुतो. वर बघितलं, उजेड झक्क. डंकाचे ठोके मंदावले हुते, मी म्हटलं मिरची दमट असंल. धूर निघाला तवा कळलं. धोंडुबाई नाकाला पदर लावून म्हणाली, एवढ्या लख्ख लाइटीत मोटर जाळलीस व्हय गं, आंधळीच हायस की! मी तिलाच चार शिव्या घातल्या.

जळलेल्या मोटरीत नवी तार भरून घ्यायला ती कोल्हापुरात आणली, शाहूपुरीत जोतीराम मिस्त्रीकडं. त्याचं दुकान तुझ्या सासरच्या इमारतीसमोरच. न कळवता वर कशाला जायचं, म्हणून दुकानातच बसलो. बघतो तर रस्त्याच्या पल्याड पायरीवर, भर उन्हात, तू. पायात चप्पल न्हाय. मी कोण हे मिस्त्रीला काय ठाऊक? तो सहज म्हणाला, ती पोरगी रोज दुपारी अशीच बसती बघा, सासू कुलूप लावून जाती, किल्ली द्यायची न्हाय असं नवऱ्यानंच सांगितलंय म्हणं. मी तिथनंच तुला फोन लावला. तू पदरानं डोळं पुसलंस, घसा खाकरलास आणि म्हणालीस, मजेत हाय की आई, आत्ताच जेवलो, पंख्याखाली पडलोय. आवाजात केसाएवढा फरक न्हाय. डोळ्यानं बघितलं नसतं तर मी फोन ठेवून च्या मागवला असता.

दिवाळीत शेवटचा बल्ब लावून स्टुलावरनं उतरलीस आणि विचारलंस, आई, थोडं दिस राहू का? तवा तुझं तोंड उतरलेलं हुतं. मला दिसलं हुतं, निशा. बल्ब लाल झाला की डंक थांबवणारी मी, पण पोरीचं तोंड बघून म्हटलं काय, तर सणाला आलीस, सण झाला की जा, लोक माझ्या तोंडात शेण घालतील. तवापासनं तू मला तोंड दाखवलं न्हाईस, फोनवर नुसता तेवढाच उजेड. निम्मा राग तुझ्यावर म्हटलं ते खोटं हाय. सगळा माझ्यावरच हाय. त्या दिवशी माझ्यानं रस्ता ओलांडवला न्हाय. कुठल्या तोंडानं येऊ? एसटीत बसून घर गाठलं आणि धोंडुबाईला मोटरचंच गाऱ्हाणं सांगत बसलो.

आज मोटर न्यायला आलोय. मिस्त्रीच्या बाकड्यावर बसून, त्याच्याच पाठकोऱ्या कागदावर हे लिवतोय. तुझ्या पायरीशेजारी भाजी विकणारी बाळाबाई हे तुझ्या हातात देईल. एकदम समोर आलो असतो तर तू परत हसून मजेत म्हणाली असतीस, आणि मी ते खरं धरून सुटलो असतो. माझा मलाच भरवसा न्हाय. म्हणून आधी लिवून कळवलं, की मी बघितलंय. घरात तुझे बल्ब ऱ्हातील, डंकात जुना पिवळा परत लावलाय. तुझ्यासाठी चप्पल आणलीय, माप तेच धरलंय. आता काय बोलू नको. कागद घडी घाल आणि वर बघ. मी रस्ता ओलांडतोय.

तुझीच, उशिरा डोळं उघडलेली,
आई