उठवायला तूच हवीस

प्रिय मिरान,

तुझ्या लेकीने, सोदामने, सुट्टीत येऊन तेरड्याच्या फुलांनी माझी दहाच्या दहा नखं लाल करून ठेवली, आणि त्यापायी काल हॉस्पिटलात नर्सची बोलणी मी खाल्ली. कितीही घासलं तरी रंग जाईना. त्यात बाजारातली माझ्या मासळीच्या गाळ्यासमोरची किमचीवाली म्हणाली, "तेरडा लावलेल्या बाईला भूल चढत नाही, जागेपणीच पोट कापतात." मी त्याच धास्तीत. शेवटी नर्सला विचारलं तर ती हसायला लागली. "भूल चढते हो मावशी. रक्ताचा रंग नखातून बघायचा असतो, म्हणून नखं कोरी लागतात. बघू, दुसरीकडे कुठे ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावता येतो का." एवढंच होतं तर आधी ओरडायचं कशाला? सोदामला यातलं काही सांगू नकोस. रंग छान बसलाय.

हो, ऑपरेशन आहे, पुढच्या आठवड्यात सोमवारी. गर्भाशयात गाठ आहे, मुठीएवढी. कसली ते काढल्यावर कळेल म्हणे. फोनच केला असता, पण फोनवर तू गप्प बसतेस आणि मग मी चिडते.

भूल देणाऱ्या डॉक्टरने सगळं समजावलं. मध्यरात्रीनंतर काही खायचं नाही, खोटे दात काढून ठेवायचे, घशात नळी घालतील, श्वास मशीन देईल, उठल्यावर घसा दुखेल, थंडीने कापरं भरेल. मी म्हटलं, बाबा, पित्ताशय काढलं तेव्हा हे सगळं भोगलंय. तेव्हाच्या डॉक्टरने तोंडावर मास्क धरून विचारलं होतं, "काय विकता, मावशी?" मी चांगली सुकी मासळी कशी ओळखायची ते सांगायला लागले आणि वाक्य अर्धंच राहिलं. झोपेत कूस बदलल्याचं तरी कळतं. तिथे मध्ये काहीच नव्हतं. पुढे एकदम तुझा आवाज, "आई, डोळे उघडा. मोठा श्वास घ्या. बाजारात एवढी बोंब मारता, आता कुठे गेली ती?"

दोन तास झोपू द्यायचं नाही, नाहीतर फुप्फुसं नीट उघडत नाहीत, असं नर्सने बजावलं होतं. तेसिक आपला, "आई दमलीय गं, पडू दे तिला." माझाच मुलगा, पण मेणाचा. तू त्याला बाहेर घालवलंस आणि माझ्या तळपायांवर चापट्या मारत बसलीस. मी तुला शिव्या दिल्या म्हणे. तू म्हणालीस, "द्या, शिवी द्यायलाही श्वास लागतो."

पुढे तुमची फारकत झाली. त्यात मी कुणाची बाजू घेत नाही. घेतली तर तुझीच, पण हे त्याला कळू देऊ नकोस.

काल नर्सने विचारलं, सोबतीला कोण राहणार? मी तुझं नाव सांगितलं. ती म्हणाली, कोण तुमची? सून म्हणायची सोय राहिली नाही, म्हणून लेक म्हटलं. खोटं बोलले असं मला वाटलं नाही. तेसिक येईल, पेज आणेल, बाहेर बसेल. पण शुद्धीवर येताना मला रागवायला कुणीतरी हवं, आणि तेवढ्या हक्काने रागवणारं दुसरं माणूस माझ्याकडे नाही. मला भीती वाटते, मिरान. येशील का मोकपोला? गुरुवारपर्यंत कळव. हो किंवा नाही. 'बघते' असं लिहू नकोस.

तुझीच, कोण ते तू ठरव,
माल्सुन